कुलरसमोरची चार अंथरुणं आणि बँकॉक

मला राग लवकर येतो. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढं मी माइकवर काय बोलले ते वाचून कुणी कपाळाला हात लावायला नको. तलाठ्याच्या नोकरीत बाईनं जरा आवाज चढवला नाही, तर लोक सातबाऱ्याचा कागद हातात पडल्यावरही टेबलासमोरून उठत नाहीत, गप्पा हाणत बसतात. तोच आवाज मग माझ्याबरोबर घरीही येतो.

मी आंजीची, शेतकऱ्याची पोरगी. थंडी सरता सरता लग्न झालं आणि वर्ध्याला लागून असलेल्या बोरगाव मेघेत सासरी आले. घर लहान पण पक्कं. पुढं हॉल, बाजूला स्वयंपाकघर, मागं दोन खोल्या. एक सासू-सासऱ्यांची, एक आमची. नवरा पुलगावच्या एका शाळेत गणित शिकवतो, रोज रेल्वेनं अपडाऊन. मी त्यांना 'मास्तर' म्हणते, ते मला 'मॅडम' म्हणतात. सासरे रेल्वेतून रिटायर झालेले, दिवसाकाठी वीस शब्द बोलतात आणि एकविसावा निघाला तर घरात सगळे दचकतात. सासू अंगणवाडीतून रिटायर झालेली आणि वस्तीतल्या विहाराच्या महिला मंडळाची अध्यक्ष. माणसं चारही चांगली. भांडण माणसांचं नव्हतंच, भांडण कुलरचं होतं.

लग्नानंतरचे पहिले तीन आठवडे घर पाहुण्यांनी भरलेलं. आमच्या नव्या खोलीत नवी गुलाबी चादर आणि त्या चादरीवर कुणा ना कुणाच्या पिशव्या. पाहुणे गेले, पिशव्या गेल्या, आणि मी हुश्श म्हणणार तोच ऊन तापलं. आमची खोली पश्चिमेची. दुपारभर भिंत ऊन पिऊन घ्यायची आणि रात्री ते सगळं आमच्यावर सोडायची. गुलाबी चादरीला हात लावला की चटका बसायचा. घरात कुलर एकच, हॉलच्या खिडकीत बसवलेला, लोखंडी, सासऱ्यांच्या नोकरीतला. एप्रिल लागला आणि सगळ्या घराची अंथरुणं त्याच्यासमोर आली, एका ओळीत. आधी सासरे, मग मास्तर, मग सासू, मग मी.

म्हणजे मी आणि माझा नवरा, आणि मधात आई.

नवऱ्याला काही सांगायचं झालं तर सासूच्या अंगावरून सांगावं लागायचं. आता कुणाची सासू ऐकत नाही? आमची तर उत्तरंही द्यायची. मी म्हणायचे, "मास्तर, उद्या डबा काय देऊ?" तिकडून मास्तर विचार करायचे आणि मधातून आवाज यायचा, "ढेमसं हायेत, ढेमसंच कर." असं दोन महिने. ज्या माणसाशी लग्न केलं त्याच्याशी माझं एकही बोलणं शेवटपर्यंत गेलं नव्हतं. मला माणूस आवडायला लागला होता, पण तो नेमका कसा आहे हे कळायला काही मार्ग नव्हता. मला रडू यायचं, आणि रडायलाही हॉलशिवाय जागा नव्हती, कारण बाकी सगळीकडं उकडायचं.

एक दिवस मी मास्तरांना गाठलंच. ते न्हाणीघराबाहेर टॉवेल घेऊन उभे होते. म्हटलं, "चार दिवस कुठंतरी जाऊ. तुम्ही आणि मी. मधात कोणी नाई."

मास्तर हळू आवाजात म्हणाले, "आमच्या शाळेतले एक सर बँकॉकले गेलते. स्टेशन रोडवरचा टूरवाला नेते. जोडप्याचं चार दिवसांचं पॅकेज हाये म्हणे त्याच्याजवळ."

"काय आहे तिथं?"

"नदी हाये, बोट हाये, बाजार हाये. आन् प्रत्येक खोलीले एसी हाये."

मला पुढं काही ऐकायचंच नव्हतं. उन्हाळ्याच्या सुट्टीतली तारीख धरली, टूरवाल्याला ॲडव्हान्स दिला. नावं आणि पासपोर्टच्या कॉप्या नंतर द्यायच्या, एवढी सवलत त्यानं दिली. आमचे पासपोर्ट नवेच काढले. माझा फोटो इतका छान आला होता की मी तो येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत होते.

बँकॉक म्हटलं की माणसं दोन प्रकारची होतात, हे मला त्या आठवड्यात कळलं. ऑफिसात बातमी फुटली तेव्हा सगळे पुरुष एकमेकांकडं पाहून मिशीत हसले. एक जण फेरफाराच्या कामासाठी आला होता, तो म्हणाला, "मॅडम, साहेबाले एकट्याले पाठवा ना. बायकोले घेऊन बँकॉकले जानं म्हंजे डब्बा घेऊन हॉटेलात जानं होय." मी त्याचा कागद गठ्ठ्याच्या तळाशी घातला आणि जेवणाची सुट्टी केली.

आणि घरी सांगितलं तर सासूच्या हातातला झारा कढईतच राहिला. तिनं हात जोडले.

"बँकॉक म्हंजे थायलंडच ना? अवं माय! भगवंताच्या देशात चालले तुम्ही! तिथं झोपलेल्या बुद्धाची मूर्ती हाये, आपल्या चौकापासून त पान्याच्या टाकीपर्यंत लांब. तळपायावर शिंपल्याचं काम केलं हाये म्हन्तेत." मग ती आत गेली आणि कपाटातून प्लॅस्टिकची पिशवी घेऊन आली. तिच्यात दोन पासपोर्ट, तिचा आणि बाबांचा, म्हणजे सासऱ्यांचा. कोरोनाच्या आधी मंडळानं धम्मयात्रा काढायचं ठरवलं होतं. बाकीच्या बायका आज काढू, उद्या काढू म्हणत बसल्या आणि या दोघांनी सगळ्यांच्या आधी पासपोर्ट काढून ठेवले. यात्रा झाली नाही ती नाहीच. सासूनं मला पासपोर्टचं एकेक पान उलटून दाखवलं. सगळी कोरी.

मला तेव्हाच समजायला पाहिजे होतं. पण मी माझ्या एसीत होते.

रविवारी विहारात वंदना झाली की सूचना सांगायची पद्धत आहे. कुणाचं बाळंतपण, कुणाची बदली, कुणाच्या मुलाचा नंबर. त्या रविवारी आमची सासू उभी राहिली आणि म्हणाली, "आमचे सून-पोरगं थायलंडले चालले." बस. पांढऱ्या साड्या नेसलेल्या पंधरा-वीस बायका एकदम "साधु! साधु! साधु!" म्हणाल्या. हनिमूनला साधुवाद मिळालेलं बोरगाव मेघेतलं आमचं पहिलंच जोडपं असावं.

तिथून ते प्रकरण माझ्या हातून गेलं. सहा बायका बरोबर यायला तयार झाल्या. एकीनं विचारलं, तिथं वरण-भात भेटते का. दुसरी म्हणाली, आपून आपला कुकर घेऊन जाऊ. मी दोन रात्री त्या सहा पांढऱ्या साड्या आणि एक कुकर डोळ्यांसमोर आणून तळमळत होते. त्यांच्याजवळ पासपोर्ट नाहीत हे मास्तरांनी आठवण करून दिलं तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. मग सहाजणींनी यायच्या ऐवजी सामान सांगितलं. विहारासाठी एक मूर्ती, दोन हात उंच. प्रत्येकीसाठी छोटी मूर्ती. बोधिवृक्षाचं एक पान, पण खाली पडलेलं, तोडलेलं नाही.

आणि सासूनं वही काढली. अंगणवाडीतली शिल्लक वही, लाल रेघा मारलेली. तिच्यात तिनं आमच्या चार दिवसांत बघायचे विहार लिहिले. सतरा. सकाळी सहाला पहिला. मी शेजारच्या पानावर माझी यादी लिहिली: नऊपर्यंत झोप. नदीत बोट, सूर्य मावळताना. बाजार. झोप. सासूनं माझं पान वाचलं आणि म्हणाली, "दोनदा झोप लिवली, बाई." मी म्हटलं, "चुकून नाई लिवली, आई."

भांडण होणार हे पाहून मास्तरांनी शाळेतला उपाय काढला. ते टाइमटेबल करायला बसले. पट्टी घेऊन चौकोन आखले, तास पाडले, मधली सुट्टीसुद्धा दाखवली. दोन्ही याद्यांतलं काही काही घेतलं. सगळं झाल्यावर मी पाहिलं तर बोटीच्या चौकोनात लिहिलं होतं: 'रोमान्स – सायं. ६.१५ ते ६.५५'.

"चाळीस मिनिटं?" मी ओरडले. "मास्तर, हनिमूनले एकच तासिका?"

"पुढं विहार क्रमांक बारा हाये," मास्तर म्हणाले. मग माझ्या कानाजवळ येऊन, "मॅडम, त्या बोटीबद्दल तुले एक गोष्ट सांगाची होती—"

"कुलरातलं पानी सरलं," सासरे म्हणाले. मास्तर उठले आणि पाइप धरायला गेले. ती गोष्ट त्यांनी पुढं तीनदा सांगायला घेतली. एकदा पाहुणे आले, एकदा लाइट गेली, एकदा सासूनं मधातून उत्तर दिलं. प्रश्न झाल्याशिवायच.

नावं द्यायची मुदत सोमवारी दुपारी बारापर्यंत होती. आदल्या रविवारी मंडळानं आमचा सत्कार ठेवला. मला वाटलं गुलाबाचं फूल देतील आणि सोडतील. चौकात जाऊन पाहते तर फ्लेक्स. माझा आणि मास्तरांचा लग्नातला फोटो, मागं विमान, आणि खाली 'धम्मयात्रेस निघालेल्या उपासक-उपासिकेस हार्दिक शुभेच्छा'. मास्तर फ्लेक्सखालून मान खाली घालून गेले, कारण त्यांचे तीन विद्यार्थी तिथं उभे राहून फोटो काढत होते.

विहारात मूर्तीपुढं पाट, पाटावर पांढरं कापड, कापडावर झेंडूची फुलं. आमच्याकडं काही नवीन आलं, गाडीची किल्ली म्हणा, नोकरीची ऑर्डर म्हणा, गुणपत्रिका म्हणा, की घटकाभर मूर्तीपुढं ठेवायची सवय आहे. सासूनं पिशवीतून आमचे दोन्ही पासपोर्ट काढले आणि ठेवले. बंद ठेवले असते तर आज मी हे लिहीत नसते. तिनं ते फोटोच्या पानावर उघडून ठेवले.

मास्तर म्हणाले, "आई, बुद्ध काही पासपोर्ट चेक करत नाई."

"मले माहीत हाये," सासू म्हणाली. "मले नको शिकवू. पन उघडा असला तं बिघडते काय?"

आता काय बिघडते ते सांगते. वर्ध्याच्या मे महिन्यात मेणबत्ती सरळ उभी राहत नाही. पेटवायच्या आधीच ती मान टाकते. दोन मेणबत्त्या पाटावर लावल्या, त्रिशरण-पंचशील झालं, परित्राण पाठ झाला, आणि मग भाषणं सुरू झाली. प्रमुख पाहुणे थायलंडविषयी बोलायला उभे राहिले. ते थायलंडला कधी गेले नव्हते, त्यामुळे त्यांच्या बोलण्याला काही सीमाच नव्हती. आम्ही सगळे त्यांच्याकडं तोंड करून बसलेलो, पाठीमागं मेणबत्ती हळूहळू वाकून राहिलेली. वास आला तेव्हा सगळ्यांना वाटलं अगरबत्ती आहे. एका मावशीनं तर "काय मस्त वास हाये" म्हटलं.

मी वळून पाहिलं तर माझा पासपोर्ट जळून राहिला होता.

मी किंचाळले. सासरे उठले आणि कुलर भरायच्या आयुष्यभराच्या सवयीनं त्यांनी पाण्याचा अख्खा जग उचलून पाटावर ओतला. जे जळायचं राहिलं होतं ते भिजलं. मास्तरांचा पासपोर्ट मेणानं माखला, पण वाचला. माझा उचलला तर फोटोच्या जागी भोक. एक कान शिल्लक होता आणि गळ्यातली पोत.

अशा वेळी आमच्या लोकांना एकच गोष्ट सुचते, की कार्यक्रमपत्रिकेप्रमाणं पुढं जायचं. सूत्रसंचालन करणाऱ्या ताईंनी चिठ्ठी पाहिली, घसा साफ केला आणि म्हणाल्या, "यानंतर सत्कारमूर्ती आपलं मनोगत व्यक्त करतील." आणि माइक माझ्या हातात दिला.

माझ्या एका हातात भोक पडलेला पासपोर्ट, एका हातात माइक. विहाराच्या छतावर दोन भोंगे, दोन्ही चालू.

मी म्हणाले, "मले धम्मयात्रा नाई करायची! मले सतरा विहार नाई पाह्यचे! मले फक्त चार दिवस माह्या नवऱ्यासंगं एकटीनं ऱ्हायचं होतं! दोन महिने झाले, मी त्याच्यासंगं बोलतो तं मधात आई ऱ्हायते! तिथं प्रत्येक खोलीले एसी हाये!" आणि माइक खाली ठेवून मी भोकाड पसरलं. तेही भोंग्यावर गेलं.

पलीकडच्या चौकातल्या पानठेल्यावरचं बोलणं थांबलं असं नंतर कळलं. पहिल्या रांगेतली ऐंशीच्या घरातली एक आजी शेवटी म्हणाली, "बरोबर बोलली पोरगी. आमच्या येळेले तं कुलरबी नव्हता." दोघी-तिघी पदरात हसल्या. मी सासूकडं पाहिलं. ती हसली नाही. तिनं पाटावरची भिजलेली फुलं गोळा केली, पिशवी घेतली आणि घरी निघून गेली.

त्या रात्री कुलरसमोर सासू माझ्याकडं पाठ करून झोपली. डब्याला काय, हेसुद्धा मी विचारलं नाही.

सोमवारी सकाळी स्वयंपाकघरात गेले तर सासू खाली बसून ब्लेडनं मास्तरांच्या पासपोर्टवरचं मेण खरवडत होती. तिचे डोळे सुजलेले होते. मला पाहिलं आणि म्हणाली, "मी मुद्दाम नाई केलं, बाई."

मला इतकी लाज वाटली की मी तिथंच फतकल मारून बसले. म्हटलं, "आई, मी तसं बोलाले नको होतं."

"काऊन नको? खरं तेच बोलली." ती ब्लेड चालवत राहिली. "मी रातभर इचार करून राह्यली, आपून कधी असं बोललो का? माहं लगन झालं तवा एक खोली, आन् त्या खोलीत सासू, सासरा, दोन दीर, एक ननंद. मंग पोरगं झालं. मंग तुह्या बाबाची ड्यूटी. हे घर बांधलं तवा वाटलं, आता तरी बोलू दोघं निवांत. तं येईन तो उन्हाळा कुलरसमोर. आता त्याईले काय सांगाचं होतं तेबी आठवत नाई मले."

मी तिच्या हातातलं ब्लेड घेतलं आणि मेण काढायला लागले.

खिडकीबाहेर पाण्याचा आवाज येत होता. सासरे कुलर भरत होते. पाइप तसाच धरून ते म्हणाले, "आपले पासपोर्ट हायेत ना."

मी ब्लेड खाली ठेवलं.

"ॲडव्हान्स गेलेला हाये. नावं आज द्याची हायेत," सासरे म्हणाले. "आपून दोघं बँकॉकले जाऊन येऊ. हे दोघं घरी ऱ्हातीन." मोजा, दिवसाचे सगळे शब्द सकाळी आठलाच संपले.

सासू लाल झाली. खरंच लाल झाली, या वयात! "काहीतरीच काय! लोक काय म्हन्तीन? सुनेच्या हनिमूनले सासू गेली म्हन्तीन!"

"लोकांना काल भोंग्यावर सगळं सांगून झालं आहे," मी म्हटलं. "आता आणखी काय म्हणणार?" आणि माझ्यातली तलाठी जागी झाली. कपाटातली पिशवी काढली, दोन्ही पासपोर्ट घेतले, मास्तरांना गाडी काढायला लावली आणि साडेअकराला टूरवाल्याच्या टेबलावर कॉप्या आपटल्या. त्यानं जन्मतारखा पाहिल्या, आम्हाला पाहिलं, परत जन्मतारखा पाहिल्या. "मॅडम, हे जोडप्याचं पॅकेज हाये. पलंगावर गुलाबाच्या पाकळ्या ऱ्हायतेत."

"मग हे दोघं काय तुम्हाला एकटे दिसतात?" मी म्हटलं.

ते दोघं निघाले तेव्हा वस्ती निरोपाला आली होती. सासूच्या पिशवीत वही होती, सतरा विहार आणि टाइमटेबल. सासरे ऑटोत बसता बसता मला म्हणाले, "सकाळी सातले, दुपारी एकले, संध्याकाळी सहाले. पानी टाकजो." मी हो म्हटलं. आणि ऑटो वळला आणि घर रिकामं झालं.

खरं सांगू? पहिला दिवस आम्हाला काही बोलायला सुचलंच नाही. दोन महिने ज्या निवांतपणासाठी मी जीव टाकत होते तो समोर येऊन बसला आणि आम्ही दोघं कुलरकडं पाहत होतो. मी विचारलं, "डब्याला काय करू?" मास्तर म्हणाले, "शाळेले सुट्टी हाये." मग आम्ही दोघंही हसत सुटलो आणि थांबेचना. त्यानंतर मात्र आम्ही बोललो. ढेमसं आवडत नाहीत हे त्यांनी मला सांगितलं. दोन महिने गुमान खाल्ली माणसानं! मी त्यांना सांगितलं की मी आंजीला असताना रागाच्या भरात बैलाला चावले होते. ते म्हणाले, बैलाचं काय झालं?

तिसऱ्या दिवशी त्यांनी ती गोष्ट सांगितली. "मॅडम, मले पान्याची भीती वाटते. बोटीत बसलो तं मले उलट्या होतेत. बोर धरणावर शाळेची सहल गेलती तं मी काठावर चपला राखत बसलो होतो."

"मग टाइमटेबलमध्ये बोट कशाला घातली?"

"तू लिवली होती ना." मग म्हणाले, "म्हणून तं चाळीसच मिनिटं ठेवली. तेवढी निभली असती."

माझ्यासाठी चाळीस मिनिटं ओकायला तयार झालेला माणूस, आणि मी त्याच्यावर एकच तासिका म्हणून ओरडले होते. मला तो त्या क्षणी इतका आवडला की काय सांगू. आम्ही कुलरच्या अगदी पुढ्यात बसलो होतो, दुपारचे पावणेपाच झाले असतील, बाहेर ऊन रखरखत होतं.

तेवढ्यात व्हिडिओ कॉल आला. सकाळीच सासूनं टॉवेलाच्या घडीतून बनवलेल्या दोन हंसांचा फोटो पाठवून 'हे बगळे कायले ठेवले' असं विचारलं होतं, तेव्हा मला वाटलं तेच काहीतरी असेल. फोन उचलला तर पडद्यावर निम्म्या भागात सासऱ्यांचा कान आणि निम्म्या भागात लालभडक नदी.

"कुलरात पानी टाकलं का?" कान म्हणाला.

"ऱ्हाऊ द्या ना तुमचं पानी!" सासूनं फोन ओढला. ती बोटीत बसली होती, पांढऱ्या साडीवर गुलाबी टोपी. मागं सूर्य खाली चालला होता, तिथलं घड्याळ आमच्यापेक्षा दीड तास पुढं. "सूनबाई, हे तुह्या टाइमटेबलातलं हाये. सव्वासहा ते सहा पंचावन. मी खोडलं नाई."

"आई, झोपलेल्या बुद्धाची मूर्ती पाहिली का?"

"पाह्यली. पायाजवळ उभी राह्यली आन् रडली मी. तं तुहे बाबा म्हन्तेत, थकली का? पस्तीस वर्षांत पहिल्यांदा इचारलं या माणसानं." कॅमेरा हलला आणि खाली दोघांचे हात दिसले, बाकावर, एकात एक. त्यांच्या ते लक्षात नव्हतं. मग सासू आवाज खाली आणून म्हणाली, जसं काही मंडळाच्या बायका ऐकतील, "उद्याचे दोन विहार मी कॅन्सल केले. आमी परत बोटीतच येऊन राह्यलो."

मास्तर माझ्या खांद्यावरून पाहत होते. त्यांनी पाणी पाहिलं आणि तोंड दुसरीकडं केलं. मी फोन ठेवला, डोळे पुसले आणि मग आठवलं म्हणून उठून कुलरमध्ये पाणी टाकलं.

ते दोघं परत आले तेव्हा बोलायला दिवस पुरत नव्हते. विहाराला मूर्ती आली, पण दोन हात नाही, वीतभर. बोटीत उचलून नेता येत नव्हती म्हणे. खाली पडलेलं पान आणलं. चौकातला फ्लेक्स सासऱ्यांनी काढून आणला आणि हॉलच्या कुलरला बाहेरून सावली केली. मधात दुमडल्यानं आमची तोंडं उलटी, विमान सरळ.

आल्यावर चौथ्या दिवशी दुपारी दारात ऑटो थांबला आणि सासऱ्यांनी त्यातून नवाकोरा कुलर उतरवला. माझं मन भरून आलं. म्हटलं, बाबांना शेवटी आमच्या खोलीची दया आली. मी पदर खोचला, धावत जाऊन आमच्या खिडकीतले डबे-पिशव्या काढल्या, गुलाबी चादर झटकून अंथरली आणि दारात उभी राहिले.

सासरे आणि मास्तर कुलर घेऊन आले, माझ्यासमोरून पुढं गेले आणि पलीकडच्या खोलीच्या खिडकीत त्यांनी तो बसवला. त्यांच्या खोलीच्या. सासऱ्यांनी पाणी टाकलं, बटण दाबून पाहिलं, हात पुसले.

"हॉलमधला तुमचा," ते मला म्हणाले.

मग ते आत गेले. दार लोटलं गेलं आणि आतून सासूचा आवाज आला, "कडी लावा ना." आणि कडी लागली.